मूळ गाठल्याशिवाय लिहू नकोस

अगं, तुझ्या प्रोजेक्टची पानं वाचली. गडचिरोलीत राहून एम.एस्सी.ला गिधाडांवर काम करायचं ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडे वनविभागाने गिधाडांसाठी उपाहारगृहं केली, तिथे मेलेली गुरं आणून टाकतात, आणि हे सगळं तुझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर आहे. पुण्या-मुंबईच्या मुलींना विषय असा हाताशी मिळत नाही.

पण दुसऱ्याच पानावर एका वाक्यापाशी मी थांबले. ‘मोबाइल टॉवरची किरणे, विषाणू आणि औषधे यांमुळे भारतातील गिधाडे नष्ट झाली.’ तीन कारणं एका दमात, आणि संदर्भ म्हणून कुठल्याशा वेबसाइटचं नाव. तुझ्या सरांनी कदाचित चालवूनही घेतलं असतं. मी नाही चालवणार, कारण तू याहून कितीतरी चांगलं काम करू शकतेस हे मला ठाऊक आहे. चल, ते वाक्यच सोलून बघू.

तिन्ही कारणांना एकच प्रश्न विचार: हे आधी कोणी म्हटलं, आणि काय पाहून म्हटलं?

टॉवरचा माग काढत गेलीस तर एक लेख दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि मेलेलं गिधाड उघडून पाहिलेलं माणूस काही भेटत नाही. शिवाय तारखा लावून बघ. भारतात मोबाइल सेवा सुरू झाली १९९५ मध्ये, तीही मोठ्या शहरांत. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडं कमी होताहेत हे बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकातच टिपलं होतं. तेव्हा खेड्यापाड्यांत टॉवर होते कुठे? हे कारण खोडून टाक.

विषाणूचं तसं नाही. ती शंका खऱ्या शास्त्रज्ञांची होती. २००३ मध्ये ‘अ‍ॅनिमल कन्झर्व्हेशन’ या चांगल्या नियतकालिकात कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला, साथीच्या रोगाने गिधाडं मरत असावीत असा. पण त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं. पुढे ते नेटवर एकाने दुसऱ्याचं उतरवताना गळून पडलं, आणि शंकेचं विधान झालं. म्हणून निबंध चांगल्या ठिकाणी छापलाय एवढ्यावर थांबायचं नाही. तो कोणत्या वर्षीचा आहे आणि त्यानंतर काय घडलं, हेही बघायचं.

घडलं असं की दुसऱ्याच वर्षी, २००४ मध्ये, ‘नेचर’मध्ये ओक्स आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. पाकिस्तानातल्या पंजाबात त्यांनी मेलेली गिधाडं गोळा करून तपासली. मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेल्या २५ पक्ष्यांमध्ये डायक्लोफेनॅक या गुरांना देतात त्या वेदनाशामक औषधाचे अंश पाहिले, तर २५ पैकी २५ मध्ये सापडले. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांमध्ये पाहिले, तर एकातही नाही. मग ते औषध दिलेल्या जनावरांचं मांस गिधाडांना खाऊ घालून पाहिलं, आणि तोच परिणाम दिसला. हा उतारा स्वतः उघडून वाच. इंग्रजी जड वाटलं तरी वाच, शब्दकोश घेऊन बस. ज्यांचा मृत्यू वेगळ्या कारणाने झाला ते १३ पक्षीही त्यांनी तपासले, म्हणून मी या निबंधावर विश्वास ठेवते. नुसते २५ सांगितले असते तर म्हणता आलं असतं की औषध सगळ्याच गिधाडांत असेल.

आता गुगल स्कॉलरवर त्या निबंधाच्या खाली ‘साइटेड बाय’ असं लिहिलेलं दिसेल. तिथे बोट ठेवलंस की त्याचा आधार घेऊन नंतर कोणी काय लिहिलं ते उघडतं. माझ्या मते या सगळ्या शोधाशोधीत ही एक जागा सर्वांत कामाची, आणि विद्यार्थी तिथेच जात नाहीत. त्या वाटेने तुला कळेल की २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना घातक नाही असं दाखवणारा निबंध ‘प्लॉस बायॉलॉजी’त आला, तो कुणालाही फुकट वाचता येतो. आणि २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावरही बंदी घालावी लागली. नुसतं २००६ च्या बंदीपर्यंत वाचून थांबणाऱ्याला वाटेल, औषध बंद झालं, प्रश्न मिटला.

आता तुझ्या पानावरचा आकडा, ‘९९ टक्के गिधाडे संपली’. कुठली गिधाडं? कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत? हा आकडा विभू प्रकाश आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या निबंधातून निघालाय, बीएनएचएसच्याच जर्नलमधून. रस्त्यांवरून ठरावीक मार्गाने जात केलेली मोजणी होती ती. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीचं गिधाड ९९.९ टक्के घटलं. लांब चोचीचं आणि निमुळत्या चोचीचं, ही दोन मिळून सुमारे ९७ टक्के. दोन मिळून का, तर जुन्या नोंदींत ती वेगळी धरलेलीच नव्हती. दोघांना ‘जिप्स इंडिकस’ म्हणत. आता निमुळत्या चोचीचं ते ‘जिप्स टेन्युइरोस्ट्रिस’, ते हिमालयाच्या पायथ्याचं आणि ईशान्येचं. आपल्याकडचं ते इंडिकस. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा कागद उघडलास तर त्यातला इंडिकस नेमका कोण, हे ठिकाणावरून ठरव. झाडांचंही तेच. पळसावर शोधताना फक्त ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ टाकलंस तर ‘ब्युटिया फ्रॉन्डोसा’ या नावाखालचं जुनं सगळं काम निसटतं. आधी क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर जा, जुनी नावं उतरवून घे, मग शोध.

तुला वाटेल ताई फारच बारकाईत शिरतेय. पण खोट्या नोंदीने केवढा घोळ होतो याची गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात घडलीय, ती ऐक.

रानपिंगळा माहीत आहे ना? छोटं घुबड. ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, छत्तीसगडच्या फुलझर भागात मिळालेल्या नमुन्यावरून. नंतर डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर एकही नाही. मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलचा एक नमुना पुढे आला, चिठ्ठीवर लिहिलेलं: गुजरातेत तापीकाठी मांडवी, साल १९१४. माणूस नावाजलेला, पक्ष्यांवर पुस्तकं लिहिलेला. कोण शंका घेणार? ती नोंद पुस्तकांत गेली, आणि पुढच्या शोधाला चुकीच्या दिशेला नेत राहिली.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि संग्रहालयांतले मूळ नमुने हातात घेतले. पेंढा कसा भरलाय, टाके कसे घातलेत, आत काय दडलंय हे एक्स-रे काढून पाहिलं. माइनर्ट्झहागेनचा तो पक्षी मुळात डेव्हिडसनचाच होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, उसवून नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात हे सगळं पुराव्यानिशी मांडलं. पण त्याच्या आधीच या बाई बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत भारतात आल्या होत्या. मांडवीचं नाव त्यांनी यादीतून काढून टाकलं आणि खऱ्या नमुन्यांची ठिकाणंच तेवढी धुंडाळली, आधी पूर्वेकडची, मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

जीवशास्त्रात मला याहून मोलाची गोष्ट माहीत नाही. ज्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या त्यांनी पक्ष्यापर्यंत नेलं. नाव केवढंही मोठं असो, कोणी, कुठे, केव्हा, कशावरून हे विचारायचा तुला हक्क आहे. तू खेड्यातली आहेस, तुझं इंग्रजी अडखळतं, म्हणून हा हक्क कमी होत नाही, बरं का.

आता नियतकालिकांबद्दल, कारण तुझ्या मेलवर ‘आमच्या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये आठ दिवसांत छापू, अमुक हजार भरा’ अशी पत्रं यायला लागली असतील. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने ‘सायन्स’साठी एक परीक्षा घेतली. दगडफुलासारख्या लायकेनमधल्या रेणूने कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असा मुद्दाम ढोबळ चुका भरलेला खोटा निबंध त्याने ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ नी स्वीकारला. त्या ३०४ पैकी साधारण एक तृतीयांश आपल्या देशातून चालणारी होती, हे वाचून मला फार लागलं होतं. अशा ठिकाणी छापलेलं गुगलवर खऱ्या निबंधाच्या शेजारीच बसतं, दिसायलाही तसंच. पूर्वी मान्य नियतकालिकांची यूजीसीची ‘केअर’ यादी होती, ती २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे आता पारख तुझी तुलाच करायची आहे. संपादक मंडळातल्या दोन नावांचा शोध घे, ती माणसं खरंच त्या विषयात काम करतात का बघ. ‘नॅशनल’, ‘इंटरनॅशनल’ या शब्दांना भुलू नकोस. फुकट वाचायला मिळतं म्हणून हलकं, असंही धरू नकोस. कोइमतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ आणि बंगळूरचं ‘करंट सायन्स’ दोन्ही मोफत उघडतात, आणि आपल्या रानांवरचं किती काम तिथे आहे!

शोधगंगेवर प्रबंध मिळतात, तेही बघ. फक्त लक्षात ठेव, सगळे प्रबंध एका तोलाचे नसतात. प्रबंधातून संदर्भांची यादी उचल आणि त्या मूळ निबंधांकडे जा. विकिपीडियाही असाच वापरायचा, तळातल्या टिपांसाठी. आणि एआयला संदर्भ विचारत असशील तर सांभाळून. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्षही जुळतंय, पण तो निबंध अस्तित्वातच नाही, असं ते बेधडक लिहून देतं. आजच्या बहुतेक निबंधांना ‘१०.’ने सुरू होणारा डीओआय क्रमांक असतो, दिलेला असेल तर तो डीओआयच्या साइटवर टाकून बघ. उघडला नाही तर तो संदर्भ तुझ्या यादीत येता कामा नये.

वाघांचे आकडे तर तुला रोज ऐकू येत असतील. २०२२ च्या गणनेचे तीन आकडे नेटवर फिरतात: ३,१६७, ३,६८२ आणि ३,९२५. मुलं म्हणतात, सरकारचंच एकमत नाही. मूळ अहवाल उघडला की कळतं, पहिला किमान, दुसरा सरासरी, तिसरा वरची मर्यादा. तिन्ही एकाच मोजणीचे. महाराष्ट्राचे ४४४ हाही अंदाजच आहे, आणि तो अंदाज म्हणूनच लिहायचा.

ईबर्ड आणि आयनॅचरलिस्टवरच्या नोंदी जरूर वापर, पण नकाशा बघताना एक ध्यानात ठेव. ताडोब्याला पर्यटक जातात, कॅमेरे जातात, म्हणून तिथे नोंदींची दाटी. भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडे तेवढं कोण जातं? तिथला नकाशा रिकामा दिसतो तो पक्षी नाहीत म्हणून की पाहणारं नाही म्हणून, हे नकाशा सांगत नाही. तुझ्यासारख्या मुलीने ते सांगायचं आहे. आयनॅचरलिस्टवर ‘रिसर्च ग्रेड’ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोकांचं एकमत, इतकाच. फोटो स्वतः मोठा करून बघ.

एक गोष्ट मला तुझ्या मनात पक्की बसवायचीय. विश्वासार्ह विज्ञान म्हणजे ते परदेशातलं, हे डोक्यातून काढ. गडचिरोलीचं नाव शोधलं की नक्षलवादाच्या बातम्या येतात, पण तेच नाव ‘पबमेड’वर टाकून बघ. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा निबंध, ‘लॅन्सेट’मधला. आपल्या जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, ९२ टक्क्यांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. तोवर बहुतेक दवाखान्यात पोचलेल्यांचीच गणती व्हायची. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा घरोघरी नवजात बाळांच्या काळजीवरचा निबंध आला. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. मग हेच महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी करून पाहिलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताईंच्या कामात ते आलं. हा निबंध गिधाडांवरचा नाही, तरी पद्धत शिकायला वाच. तुलनेची ४७ गावं तिथे तेच काम करतात जे त्या १३ गिधाडांनी केलं.

बंद दाराच्या निबंधांचं काय करायचं, ते सांगते. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, सरकारी शिक्षणसंस्थांसाठी. गोंडवाना विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा आणि तुझ्या नावाने ते कसं उघडेल हे विचार. अनुदानित महाविद्यालयातल्या मैत्रिणींना निबंध उघडून देणाऱ्या ‘एन-लिस्ट’ या सेवेबद्दल विचारायला सांग. ग्रंथपालांना विचारायला लाजू नकोस, त्यांना कुणी विचारत नाही याचंच त्यांना वाईट वाटतं. तरी नाही मिळालं तर स्कॉलरवर ‘ऑल व्हर्जन्स’ बघ, आणि शेवटी लेखकाला मेल कर. चार ओळी पुरेत: मी कोण, कशावर काम करते, हा निबंध का हवा, मिळाला तर आभारी राहीन. लेखक बहुतेकदा पाठवतात. बीएनएचएसच्या जर्नलचे जुने अंक ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’वर आहेत, तिथे तर कुणाला विचारायचीही गरज नाही. गावाकडे रेंज नसते, तेव्हा शहरात असतानाच पीडीएफ उतरवून घे आणि फाइलला लेखक, साल, विषय असं नाव दे. ‘डाउनलोड १७’ नावाची फाइल घरी गेल्यावर कुणालाच सापडत नाही.

तरी काही गोष्टी कुठल्याच साइटवर मिळणार नाहीत. तुझ्या आजीच्या वयाची माणसं, ज्यांनी गुरं राखली, त्यांना गिधाडांचे थवे आठवतात. त्यांच्याकडे जा. साल विचारलंस तर सांगता येणार नाही, पण मोठा पूर, थोरलीचं लग्न, गावात वीज आली ते वर्ष, असा आधार दिला की काळ नेमका हाताला लागतो. प्रत्येकाला वेगळं विचार: तुम्ही स्वतः पाहिलं, की कुणाकडून ऐकलं? दोन्ही लिही, पण वेगवेगळ्या रकान्यांत. नाव लिहू का, तेही विचार, आणि नको म्हणाले तर लिहू नकोस. डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’ मिळालं तर वाच, इथल्या बायकांना झाडांबद्दल काय काय ठाऊक आहे ते त्यात किती आदराने आलंय ते बघ.

आणि हो, तालुक्याच्या ठिकाणी जनावरांच्या औषधांचं दुकान असेल, तिथे दुखण्यावर-तापावर कोणतं इंजेक्शन विकलं जातं ते विचार. ब्रँडचं नाव पुरेसं नाही, बाटलीवर बारीक अक्षरात आतल्या औषधाचं नाव असतं, ते उतरवून घे, सोबत कंपनी, तारीख आणि गाव. माणसांसाठीची डायक्लोफेनॅकची बाटली गुरांना वापरली जाते का, हेही हळूच विचार, दुकानदारावर आरोप वाटेल असं नाही. तो तक्ता आधी मला पाठव. मग उपाहारगृहाच्या गावांची नावं घेऊन दोन्ही शेजारी ठेवून बघू.